हुनवाल्डच्या सभाघरातले शिंग

मित्रांनो, भरलेले असताना मला खाली ठेवता येत नाही. टेकवले की मी कलंडते आणि सगळे सांडते. मी नांगराच्या एका बैलाचे जुने शिंग. बैल म्हातारा होऊन गेला, तेव्हा मला उकळले, आतून खरवडले, काठाला चांदीची पट्टी बसवली आणि सरदार हुनवाल्डच्या सभाघरात नेले.

काम मानाचे होते. लढाईला निघण्यापूर्वी सरदाराची बायको तेता मला मधाच्या दारूने काठोकाठ भरी आणि बाकाबाकावर फिरवी. ज्याच्या हाती मी जाई, त्याने सर्वांसमक्ष शब्द द्यायचा आणि मग मला रिकामे करायचे. मला हातात धरून खोटे बोलायचे नाही, असा रिवाज होता. त्याचा मला फार अभिमान वाटे. शब्द देताना बोटे किती गार पडतात, हे मात्र फक्त मलाच कळायचे.

त्या वसंतात समुद्रावरून लुटारू आले. दुद्दा नावाचा धिप्पाड गडी मला उंचावून म्हणाला, "सरदार उभा आहे तोवर मी पाऊलभर मागं सरणार नाही. सरलो तर या घरात मला पाणीसुद्धा विचारू नका." साऱ्यांनी बाक बडवले.

नदीच्या उतारावर हुनवाल्ड पडला. त्याला खेटून उभे होते ते सगळे पडले. त्या रांगेतला एकटा दुद्दा परत आला, आणि त्याच्या ढालीवर साधा ओरखडाही नव्हता.

त्यानंतर मी त्याच्यासमोरून जाई, त्याच्या हाती जात नसे. तो दाराजवळ बसू लागला.

"तिथंच बरं आहे रे तुला, दुद्दा," कोणीतरी म्हणे. "निघायला सोपं."

दुद्दा बाकाच्या टोकाकडे आणखी सरके. मला त्याची कीव येई.

शाहीर कुथा तेव्हा हुनवाल्डवर गाणे रचत होता. त्यात दुद्दाचे नाव घालायचेच, असे त्याने बोलून दाखवले होते. गाण्यात गेलेले नाव पुसता येत नाही. दुद्दाची नातवंडेसुद्धा पळपुट्याची नातवंडे म्हणून वाढली असती. पण कुथाचे घोडे एका जागी अडले होते. सरदाराचा शेवट कसा झाला, हे सांगू शकणारा एकच माणूस जिवंत होता, आणि तो दाराजवळ बसला होता.

एका दुपारी तेताने मला भरले आणि ती स्वतः दाराशी गेली.

"धर," ती म्हणाली. "माझा नवरा कसा गेला ते सांग."

दुद्दाची बोटे बर्फासारखी गार होती. एखादे शूर वाक्य रचून सांगितले असते, तर त्याचे नाव तिथेच वाचले असते. सगळ्यांना तेच ऐकायचे होते.

"मी पाहिलं नाही, बाईसाहेब," तो म्हणाला. "मी आधीच वळलो होतो. मागून ऐकलं. त्यांनी मला नावानं हाक मारली. दोनदा." मग माझ्या काठाकडे बघत तो म्हणाला, "दुसऱ्या हाकेला मी जास्तच जोरात पळालो."

त्याने मला परत पुढे केले. तेताने घेतले नाही.

"निघायच्या सकाळी त्याला पट्टा बांधता येईना," ती म्हणाली. "हात इतके कापत होते. मी बांधून दिला. तरी तो गेला. तू नाही थांबलास. मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. पण आता पी. शिंग खाली ठेवता येत नाही."

तो प्यायला. अर्धे दाढीवरून ओघळले.

"मग नाव घालू ना?" कुथाने विचारले.

"हाक घाल," तेता म्हणाली. "नाव राहू दे."

ते गाणे पुढे कितीतरी वर्षे चालले. सरदार मित्राला दोनदा हाक मारतो, ती ओळ आली की बाक बडवणारे हात थांबत. जो तो खाली बघे, जणू त्यालाच कोणी बोलावले होते.

दुद्दा म्हातारा झाला. एकदा नातीने विचारले, "आजोबा, सरदारानं कुणाला हाक मारली होती?"

"मला," तो म्हणाला.

मित्रांनो, आता मी त्या नातीच्या घरी आहे. चांदी निघाली, अंगाला तडा गेला, दारू माझ्यात टिकत नाही. ती माझ्यात कोंबड्यांचे दाणे ठेवते. तडा गेलेल्याला लगेच टाकून देऊ नका, एवढेच मागणे आहे. दाणे अजून राहतात.