ज्वारीच्या वजनाचा कॅमेरा

सुरेखाबाईंनी किमतीच्या आधी वजन विचारलं, तेव्हा गुलमंडीवरच्या कॅमेऱ्याच्या दुकानात मुनीबला हसू आवरेना.

"खाला, लोक मेगापिक्सेल विचारतात. तुम्ही भाजी घ्यायला आल्यासारखं वजन काय विचारताय?"

"भाजी पिशवीत बसते रे. हे खांद्यावर बसतं, अन् माझा उजवा खांदा आता माझं ऐकत नाय."

मुनीबच्या वडलांकडून सुरेखाबाई फिल्मचे रोल घेत. त्या काळी जुन्या शहरात फोटो काढणारी बाई म्हणजे त्याच. शहागंज, बुढी लेनकडच्या लग्नघरांतून त्यांना हमखास बोलावणं येई. मर्दान्यात कुणीही फोटोवाला चाले, जनान्यात मात्र सुरेखाबाईच. पडदा उचलला जाई, त्या आत शिरत, पडदा मागे पुन्हा पडे, आणि मग मेंदीचा, अत्तराचा, गजऱ्यांचा असा काही दरवळ अंगावर येई की बाहेरचं जग विसरून जावं. फोटो धुऊन झाले की निगेटिव्हसकट सगळं घरच्यांच्या हवाली करायचं, असा शिरस्ता होता. जन्मभर एवढे चेहरे टिपले, पण त्यांच्या स्वतःच्या घरात त्यांतला एकही नव्हता.

मनात मात्र एक राहून गेला होता, शहजादीचा. जलव्याला नवरानवरीच्या मधे आरसा ठेवतात. एकमेकांना पहिल्यांदा पाहायचं ते त्याच्यात. त्या आरशात शहजादीच्या पापण्या मिटल्यासारख्या झुकलेल्या होत्या. "एकदा वर बघ गं," सुरेखाबाई कुजबुजल्या. लगेच मागून तिची फूफी, म्हणजे आत्या, कडाडली, "दुल्हन वर बघती का कधी?" फोटो झुकल्या पापण्यांचाच आला. तिथून जमलेली मैत्री मात्र दोघींचे नवरे गेले, नातवंडं मोठी झाली, तरी टिकली. शहजादीनं पुन्हा कधी फोटो काढून घेतला नाही. आधार कार्डावरचा होता, पण त्याच्याबद्दल ती म्हणे, "ती मी नाय. ती कुणीतरी चोरटी बाई हाय."

आता दोघी काश्मीरला निघाल्या होत्या. बर्फात उभी शहजादी, डोळे वर केलेले, हा एकच फोटो सुरेखाबाईंना हवा होता. त्यासाठी कॅमेरा घ्यायचा होता.

मुनीबनं काचेवर दोन मांडले. एक मोठा, दोन लांबलचक लेन्सचा. पहाडावरचा माणूसही हाताशी आणणारा. दुसरा तळहातावर मावेल एवढा, त्याला एकच चपटी लेन्स.

"दोन्हीत आरसा नाय, खाला. पूर्वी आत आरसा असायचा, आता सरळच दिसतं."

धाकट्याकडं सुरेखाबाईंनी नीट पाहिलंसुद्धा नाही. तो त्यांना खेळण्यासारखा वाटला. धाकटा घ्यायचा म्हणजे आपण आता फोटोवाल्या राहिलो नाही, हे कबूल करायचं. तरी त्या हुशार होत्या. दोन्हींचं वजन विचारून घेतलं आणि घरी येऊन मोठ्या संचाएवढी ज्वारी तराजूत घालून पुरचुंडीत बांधली. पुरचुंडी जुन्या कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवली. एक दिवस खुलताबादच्या चढावर हे वजन वागवायचं. झेपलं तर मोठाच घ्यायचा.

"ज्वारी घेऊन खुलताबादला? तिथं काय भाकरी मिळत नाय का?" बसमध्ये शहजादीनं टोमणा मारला.

"गप बस. हा कॅमेरा आहे."

"हां, मग माझा एक फोटो काढ बरं ज्वारीनं."

खुलताबादचा चढ लागला तसा पट्टा खांद्यात रुतू लागला. सुरेखाबाई बोलेनाशा झाल्या. दर्ग्याच्या अंगणात पोचल्यावर त्या पायरीवर टेकल्या, पिशवी बाजूला ठेवली आणि ऊन पापण्यांवर घेत डोळे मिटले.

डुलकीच ती. पण तिच्यात त्या पुन्हा पडद्याआड गेल्या. कुणीतरी आरसा पुसत होतं. आरशात शहजादी नव्हती, पांढरंशुभ्र काहीतरी होतं. बर्फ असेल, नाहीतर वाळत घातलेल्या ओढण्या असतील. त्या ओढण्या फडफडत होत्या. शंभर ओढण्या एकदम उडाव्यात तशी फडफड जवळ येई, लांब जाई, पुन्हा जवळ येई. हातातला कॅमेरा पिसासारखा झाला होता, आणि कुणीच वर बघू नकोस म्हणत नव्हतं.

जाग आली तेव्हा शहजादी ओढणीला हात पुसत बसली होती. भोवती कबुतरांची ही गर्दी.

सुरेखाबाईंनी पिशवी उचलली आणि थबकल्या. खांदा कुरकुरलाच नाही. उतारावर तर त्या शहजादीच्या पुढे चालल्या.

"बघितलंस? सवय लागते गं शरीराला. उद्या मोठाच घेते."

शहजादी काही बोलली नाही, आणि शहजादी गप्प बसली हेच खरं तर त्यांच्या लक्षात यायला हवं होतं.

घरी आल्यावर ज्वारी परत डब्यात ओतायला घेतली, तर पुरचुंडीत अर्धी उरली होती.

"शहजादे!"

"कबुतरं उपाशी होती गं."

"कबुतरं?"

"मग काय करू? तुझं तोंड पांढरं पडलं होतं. तू झोपलीस, मी मूठ मूठ टाकत बसले. पहाडावर तुझा खांदा निखळला तर तुला उचलू, का बर्फ बघू?"

सुरेखाबाईंचे डोळे भरून आले. फसवणुकीचा राग होताच; पण सकाळचा आपला खांदा त्यांना आठवत होता, आणि तो खोटं बोलला नव्हता. "धाकट्यानं लांबचं दिसत नाही," त्या पुटपुटल्या.

"माझ्या लग्नात काय तोफ आणली होतीस? एवढुसा डबा होता हातात. तू उठून जवळ यायचीस. मला तर तुझ्या पावडरचा वास येत होता. लांबून कुणी माझ्यावर ते नळकांडं रोखलं, तर मी ओढणी ओढणारच, सांगून ठेवते."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी मुनीबकडं गेल्या. सुरेखाबाईंनी धाकटा उचलला. तो तळहातात निवांत बसला, झोपलेल्या पाखरासारखा. त्या दोन पावलं पुढं सरकल्या, आणखी एक, इतक्या जवळ की शहजादीच्या तोंडातल्या सुपारीचा वास यावा.

"अगं, बर्फासाठी ठेव की!"

"वर बघ."

गुलमंडीवरच्या गर्दीचे आवाज क्षणभर पडद्यापलीकडं गेले. शहजादीनं सवयीनं पापण्या झुकवल्या. मग तिला काहीतरी आठवलं असावं. तिनं सरळ वर पाहिलं आणि फसकन हसली.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर उमटलेला चेहरा दोघींनी डोक्याला डोकं लावून पाहिला.

"प्रिंट काढून देते तुला," सुरेखाबाई जुन्या शिरस्त्यानं म्हणाल्या.

"मला नको." शहजादीनं कॅमेरा त्यांच्या हातात ठेवून त्यांची बोटं त्यावर नीट मिटवली. "हा फोटो तुझ्या घरी ठेव."