नर वेल

आमच्या झेक देशातल्या झातेत्सच्या पट्ट्यात माणसाला बाकी सगळं माफ असतं, पण परसात हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलाचा, नर ठेवणं माफ नसतं. त्याचा पराग उडाला की शेजारच्या शेतातल्या मादी वेलांच्या बोंडांत बिया धरतात, आणि तसला माल बिअर कारखाने उचलत नाहीत. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. ठाऊक नव्हतं ते फक्त माझ्या होऊ घातलेल्या जावयाला.

दालिबोर ओस्त्रावाचा, खाणकामगारांच्या घरातला. मी घरी बिअर करते हे कळल्यावर दोन वर्षांमागे त्याने नदीकाठचा एक रानवेल उपटून आणला आणि माझ्या कोठाराच्या भिंतीशी लावला. फुलेपर्यंत नर की मादी कळत नाही. मी म्हटलं, काढून टाका. माझी लेक रादका रडायला लागली, म्हणून राहिला.

जुलैतल्या एका सकाळी कुंपणापलीकडून शेजारी हावेल्काची हाक आली.

"ओतिली वहिनी, तुमच्या भिंतीवर ते काय लोंबतंय?"

मादीची बोंडं नव्हती, नराचे तुरे होते. कुंपण संपलं की हावेल्काचं शेत लागतं. गेल्या वर्षी गारांनी झोडपलेलं. यंदाही माल गेला तर सगळे वेल काढून टाकीन, असं तो बोलला होता.

"काका, आत्ता ओढून काढतो," म्हणत घरातून धावत आलेल्या दालिबोरने वेलाकडे हात नेला.

"हात लावू नकोस," हावेल्का हळूच म्हणाला. "खालचे तुरे मिटलेले आहेत. वरचे उमलले असतील तर हलवल्याबरोबर सगळा पराग माझ्या शेतात."

वारा सुटायला लागला होता, तोही त्याच्याच शेताकडे. मी चादरी भिजवल्या. ओला पराग उडत नाही, म्हणून रादकाने नळीने वेलावर पाणी धरलं.

"चढा, जावईबापू," मी म्हटलं. "आणलंत तुम्ही, उतरवायचंही तुम्हीच."

हावेल्काने शिडी धरली. दालिबोरने शेंड्याला ओली चादर गुंडाळली, वेल कापला आणि तिथेच थांबला.

"काय रे?" हावेल्काने विचारलं.

चादरीतला वेल घेऊन दालिबोर उतरला, तेव्हा त्याच्या काळ्या बाहीवर परागाची पिवळी धूळ दिसली. हावेल्का चादर आवळत होता, त्याचं लक्ष नव्हतं. रादकाने दालिबोरला डोळ्यांनीच खुणावलं, पूस. शेजारीच पाण्याची बादली होती.

दालिबोरने हात पुढे केला. "काका, वरचे आधीच उमललेत."

हावेल्काने ती धूळ बोटावर घेतली. कुंपणापर्यंत गेला, ओळी बघितल्या, तडक परत आला. मला वाटलं, आता हा मारतो.

"कुंपणाकडच्या ओळी गेल्या," तो शेवटी म्हणाला. "त्या वेगळ्या तोडीन. कळलं नसतं तर सगळा माल एकत्र गेला असता, आणि सगळाच कारखान्यातून परत आला असता." मग दालिबोरकडे वळून, "तोडणीला यायचं. फुकट."

"येतो, काका."

हावेल्का गेला.

"काय गरज होती सांगायची?" रादका फिसकारली. "त्याला कुठे दिसलं होतं?"

दालिबोर बाही धुवायला लागला. दोन वर्षं मी घरीदारी म्हणत होते, हा मुलगा आमच्या पोरीच्या लायकीचा नाही. त्या सकाळी मी माझ्या पोरीकडे बघितलं, आणि मला त्या मुलाचीच काळजी वाटली.