हरिलाल गुरुजींची चौथी कॅसेट

दर मंगळवारी मॉरिशसमधल्या पोर्ट लुईच्या कचेरीत टपालाची पिशवी यायची, आणि निर्मला ती शिपायाला हात लावू द्यायची नाही. स्वतः टेबलावर पालथी करायची. जाड कागदात गुंडाळलेल्या, दोऱ्यानं बांधलेल्या कॅसेटी बाहेर पडायच्या. कुणाच्या पाकिटाला हळदीचा डाग असायचा, कुणाच्या दोऱ्याला सात सात गाठी.

१९८३ साल होतं. गावोगावच्या शाळांमधून गाणं, चित्रकला आणि नाच शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी टपालानं चालणारा एक अभ्यासक्रम नुकताच सुरू झाला होता. ही माणसं बापाकडून, काकाकडून शिकलेली. प्रमाणपत्र कुणाकडेच नव्हतं. नोकरी आणि शेती सोडून त्यांना शहरात येऊन राहता येणार नव्हतं, म्हणून शहरच त्यांच्याकडे पाठवायचं असं ठरलं. महिन्याला एक छापील पाठ आणि एक कॅसेट जायची. शिक्षकांनी पाठ गिरवायचा, त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला आपलं गाणं भरायचं आणि परत पाठवायचं. गाण्याचे एकोणीस शिक्षक निर्मलाच्या वाट्याला आले होते. ती पुण्याला चार वर्षं गाणं शिकून आली होती, तिशी नुकतीच ओलांडली होती, आणि आपलं काम चोख असावं याबद्दल ती फार दक्ष होती. कानाला हेडफोन लावून ती प्रत्येक कॅसेट दोनदा ऐकायची आणि लाल शाईनं शेरा लिहायची.

बों अक्योय गावचे हरिलाल गुरुजी तिच्या यादीत अकरावे होते. वय बावन्न. प्राथमिक शाळेत मराठी शिकवायचे, आणि दुपारनंतर बैठकात, म्हणजे गावकीच्या त्या एका खोलीच्या शाळेत, पोरांना झाकरीची, म्हणजे ढोलकीवर फेर धरून म्हणायची गाणी. पहिल्याच कॅसेटमध्ये त्यांची ढोलकी ऐकून निर्मला सावरून बसली होती. असा ताल तिनं पुण्यातही फारसा ऐकला नव्हता. पण आवाज घोगरा होता, वरच्या स्वराला फाटत होता. तिनं लिहिलं, 'तालावर प्रभुत्व उत्तम. आवाजात घोगरेपणा आहे. पहाटे खर्जाचा रियाज करावा.'

दुसऱ्या कॅसेटमध्ये घोगरेपणा वाढला होता. तिनं लिहिलं, 'रियाज नियमित होत नाही असे दिसते.'

तिसऱ्या वेळी गुरुजी ओळीच्या मध्येच थांबत होते, खाकरत होते, पुन्हा सुरू करत होते. एकोणिसांपैकी बाकीचे पुढे सरकत होते आणि हा एवढा लयदार माणूस मागे मागे चालला होता, याचा निर्मलाला मनापासून राग आला. 'आपल्याला हा अभ्यासक्रम पुरा करायचा आहे का, याचा विचार करावा,' असं तिनं लिहिलं आणि पाकीट बंद केलं.

चौथी कॅसेट दोन महिने आलीच नाही. आली तेव्हा तिच्यात नुसती पोरं गात होती. पंधरा-वीस पोरं, खालून ढोलकी. गुरुजींचा आवाज नावालाही नाही. मुलं सुरात होती, पण निर्मलाला नियम ठाऊक होता. तिनं लिहिलं, 'कृपया स्वतःचा आवाज पाठवावा.'

आठवड्यानं एक चिठ्ठी आली. शाळेच्या वहीचा फाडलेला कागद, रेखीव अक्षर.

'निर्मलाबाई, नमस्कार. माझा आवाज आता माझ्याजवळ नाही. एप्रिलमध्ये गळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी तो काढून घेतला. आधी कळवायला हवं होतं. पोरांचं गाणं चालत असेल तर बघावं. नसेल तर माझं नाव कमी करावं. — हरिलाल.'

निर्मलानं चिठ्ठी वाचली आणि कपाटातून त्यांची फाइल काढली. चारही शेऱ्यांच्या नकला तिथे होत्या. त्या तिनं ओळीनं वाचल्या.  एक माणूस महिन्यामागून महिना तिच्या कानात आजारी पडत चालला होता आणि ती त्याला रियाज सांगत होती.

शनिवारी दोन बस बदलून ती बों अक्योयला गेली. उसाची कापणी चालू होती. रस्त्यावर चिपाडं पडली होती आणि हवेत काकवीचा वास होता. दुकानात विचारल्यावर लिचीच्या झाडाखालचं पत्र्याचं घर कुणीही दाखवलं असतं. दारात गुरुजींची बायको भगवती भाजी निवडत बसली होती. निर्मलानं नाव सांगितलं तशी ती लगबगीनं उठली, आत नेलं, व्हॅनिलाचा चहा आणि गातो पिमां, म्हणजे मिरचीचे वडे, पुढं ठेवले.

हरिलाल गुरुजी मागच्या दारानं आले. उंच, वाळके, गळ्याभोवती पांढरं मलमल गुंडाळलेलं. त्यांनी हात जोडले आणि समोर बसले. मांडीवर शाळेतली पाटी होती.

निर्मलानं बसमध्ये काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच आठवेना. ती म्हणाली, "गुरुजी, मी तुमची चूक काढत राहिले. मला ऐकू यायला हवं होतं."

गुरुजी पाटीवर काही लिहिणार, तोच भगवती मध्ये बोलली. आतली गाठ दोन वर्षांची जुनी हाय असं डॉक्टरनं सांगितलं, ती म्हणाली. रियाजानं झाली नाय आणि रियाज न केल्यानं टळली असती असंही नाय. "हे रोज पहाटे उसात जाऊन गायचे. मीच म्हणायची, शहरची बाई सांगते तर करा. मग एक दिवस थुंकीत रगत आलं. तेव्हा गेलो दवाखान्यात."

गुरुजींनी तोवर लिहून पाटी निर्मलाकडे वळवली होती. 'तिसऱ्या वेळी राग आला होता.'

तिनं मान हलवली. "यायलाच हवा होता."

गुरुजींनी तळहातानं पाटी पुसली, थोडा विचार केला आणि पुन्हा लिहिलं, 'आता नाही.' मग स्वतःच उठले आणि बैठकाकडे चला अशी खूण केली.

बैठकात वीसेक पोरं चटईवर बसली होती. गुरुजी समोर बसले, ढोलकी मांडीजवळ ओढली आणि डावा हात हवेत उचलला. हात छातीशी असला की पोरांचा स्वर खाली, कपाळाशी गेला की वर; बोटं थरथरली की पोरांचा आवाजही थरथरायचा. एका मुलीचा स्वर चुकला. गुरुजींनी ढोलकी थांबवली, तिच्याकडे बघून जमिनीवर दोनदा टिचकी मारली. शेजारची पोरगी निर्मलाकडे वळून कुजबुजली, "मिस, ली पे दीर आंकोर." ते पुन्हा म्हणा म्हणतायत, हे तिनं क्रेओलमध्ये, म्हणजे बेटावरच्या रोजच्या बोलीत, समजावलं होतं, जसं काही गुरुजी बोललेच होते.

निर्मला तासभर बघत होती. शिकवण्याबद्दल तिनं पुण्यात दोन जाड पुस्तकं वाचली होती. त्यांत असलं काही नव्हतं.

वर्ग सुटल्यावर मात्र तिला खरी अडचण समजली. पोरं गात होती ती सगळी जुनीच गाणी. गुरुजींचा गळा गेल्यापासून एकही नवं गाणं वर्गात आलं नव्हतं. पोरांना मराठी कळायची, पण जिभेवर क्रेओल. ओळ कुणीतरी गाऊन दिल्याशिवाय शब्द त्यांच्या तोंडात बसत नसत. भगवती शब्द सांगायची, पण तिला सूर नव्हता. ती स्वतःच हसून तसं म्हणाली. आणि गुरुजींच्या डोक्यात त्यांच्या आईची, मावशांची चाळीस-पन्नास गाणी होती. ती कुठल्या वहीत नव्हती.

"तुम्ही पेटीवर चाल वाजवू शकाल?" निर्मलानं विचारलं.

गुरुजींनी एक बोट वर केलं. एकाच बोटानं येतं.

"एक बोट पुरे."

त्या दिवशी शेवटची बस यायच्या आत त्यांनी पहिलं गाणं केलं. गुरुजींनी शब्द लिहून दिले, 'शेताच्या वाटेनं निघाली बाई, हातात कोयता, केसांत जाई,' आणि पेटीवर एका बोटानं चाल दाखवली. निर्मलानं ते ऐकून घेतलं, आणि पुढच्या आठवड्यात कचेरीत, खिडक्या लावून, एकेक ओळ सावकाश गाऊन कॅसेट भरली. प्रत्येक ओळीनंतर पोरांना म्हणायला जागा सोडली. मंगळवारच्या टपालानं ती बों अक्योयला गेली.

दहा दिवसांनी कॅसेट परत आली. सोबत कागद होता आणि त्यावर लाल शाईनं शेरा. 'सूर उत्तम. तिसऱ्या ओळीत आवाज फार स्वच्छ आहे. दिवसभर ऊस तोडून आलेली बाई असं गात नाही. पुन्हा भरावं.'

निर्मला कचेरीत एकटीच खो खो हसली. मग खिडक्या लावून तिनं ते पुन्हा गायलं. चौथ्या वेळी गुरुजींनी पसंत केलं.

वर्षअखेरपर्यंत हे चाललं. दर पंधरा दिवसांनी एक गाणं. काही कॅसेटमधून, काही शनिवारी समक्ष. निर्मलाच्या गाण्यातला कसलासा ताठरपणा हळूहळू सुटत गेला. हे तिला स्वतःला कळलं नाही, तिच्या आईनं ते बोलून दाखवलं.

डिसेंबरात परीक्षा होती. गायनाच्या परीक्षेत परीक्षकांपुढे बसून गायचं, हा नियम. प्रमाणपत्र नसेल तर नव्या वर्षापासून बैठकाचा वर्ग शिकलेल्या दुसऱ्या कुणाला दिला जाणार होता. निर्मला तिच्या वरिष्ठांकडे, चंद्रमोहन साहेबांकडे गेली. ते भले गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि सांगितलं की नियम मी केलेला नाही, एकटा बदलूही शकत नाही. गायनाच्या परीक्षेत गायलाच हवं.

"साहेब, आपण गवई तयार करतोय की शिक्षक?" निर्मला म्हणाली.

साहेबांनी तिच्यापुढे कोरा कागद सरकवला. मग म्हणाले, हेच कागदावर लिहून द्या.

तिनं सहा पानं लिहून दिली. परीक्षा समितीनं उत्तर दिलं ते अर्धवट होतं. हरिलाल यांना परीक्षेला बसू द्यावं, वर्ग घेऊन दाखवू द्यावा, पण गायनाचे गुण मिळणार नाहीत. गुरुजी आले. शहरातल्या एका शाळेत, पूर्वी कधी न पाहिलेली बारा पोरं त्यांच्यापुढे बसवली होती. त्यांतल्या निम्म्यांना मराठीचा गंधही नव्हता. निर्मला मागच्या भिंतीला टेकून उभी होती. गुरुजींनी टेपरेकॉर्डर सुरू केला, तिच्याच आवाजातली ओळ वाजली, त्यांनी हात उचलला. चाळीस मिनिटांनी ती पोरं ढोलकीवर ठेका धरून उसातल्या बाईचं गाणं म्हणत होती. दोन परीक्षकांपैकी ज्या वयस्कर बाई होत्या त्यांनी लिहिणं मध्येच थांबवलं होतं.

निकाल लागला तो असा: 'अध्यापन – उत्कृष्ट. गायन – अनुपस्थित.' प्रमाणपत्र नाही.

निर्मलाला तो कागद टपालानं पाठवायचा धीर होईना. ती स्वतः घेऊन गेली. गुरुजींनी वाचला, 'अनुपस्थित' या शब्दावर बोट ठेवलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसतायत हे तिला क्षणभर उशिरा कळलं. पाटीवर त्यांनी लिहिलं, 'खरं आहे.' भगवतीला मात्र हसू आलं नाही. तिनं तो कागद घडी करून देवाच्या फळीवर ठेवला आणि म्हणाली, "शाळेतली नोकरी तर गळ्याबरोबर गेलीच, आता हा वर्ग जाईल म्हणजे हे घरात बसतील. घरात बसले तर मरतील."

वर्ग गेला नाही. बैठकाचा कारभार बघणाऱ्या गावच्या मुख्याध्यापकांनी 'अध्यापन – उत्कृष्ट' एवढंच वाचलं आणि बाकीचं वाचलं नाही असं दाखवलं. आणि त्या वयस्कर परीक्षक बाईंनी समितीपुढे काय सांगितलं ठाऊक नाही, पण पुढच्या वर्षीच्या नियमांत एक ओळ वाढली: ज्या शिक्षकाला शारीरिक कारणानं गाता येत नाही, त्यानं त्या जागी वर्ग घेऊन दाखवावा. १९८४ च्या डिसेंबरात हरिलाल गुरुजी पास झाले. भगवतीनं गल्लीत पेढे वाटले. चंद्रमोहन साहेबांसाठी वेगळा डबा पाठवला.

त्यानंतर निर्मलानं त्यांना आणखी एक काम सांगितलं. नव्या शिक्षकांच्या कॅसेटमध्ये सहावा पाठ तुम्ही द्या, ती म्हणाली. गुरुजींनी पाटीवर मोठं प्रश्नचिन्ह काढलं. मुका माणूस कॅसेटमध्ये काय देणार? ती म्हणाली, तुम्ही नेहमीसारखा वर्ग घ्या, मी बाजूला बसून काय चाललंय ते सांगेन. बैठकाची दारं उघडी ठेवून त्यांनी ते ध्वनिमुद्रण केलं. मध्ये कोंबडा आरवला, बाहेरून सायकलवाला पाववाला भोंगा वाजवत गेला. निर्मलानं काही काढून टाकलं नाही.

सहावा पाठ बेटभर गेल्यावर पांपलमूसच्या बसंती नावाच्या तरुण शिक्षिकेचं पत्र आलं. तिनं पाठ पाच वेळा ऐकला होता. तिनं लिहिलं होतं, 'पाठात एका ठिकाणी सगळी मुलं एकदम गप्प होतात. ढोलकीही थांबते. आपणही काही बोलत नाही. आणि मग सगळी मुलं एका श्वासात, एकाच स्वरावर सुरू करतात. माझ्या वर्गात हे कधीच होत नाही. त्या गप्प वेळात गुरुजी काय करतात?'

निर्मलानं उत्तर लिहायला घेतलं. हात कसा छातीपासून वर जातो, बोटं कशी उघडतात, त्यांचे डोळे कसे प्रत्येक पोरावरून फिरतात. दोन पानं झाली आणि तिला ती पटेनात. तिनं ती फाडून टाकली. एका चिठ्ठीवर बों अक्योयला जाणाऱ्या बसची वेळ लिहिली, लिचीच्या झाडाखालच्या घराची खूण लिहिली, आणि खाली, 'शनिवारी या. मीही असेन.'

बसंती आली. पोरांमध्ये चटईवर बसली, आणि गुरुजींनी हात उचलला तेव्हा तिनंही श्वास घेतला.