उपग्रहाची दुलई

"आज तुला आत सोडता येणार नाही," देखरेखीवरच्या बाई दारातच म्हणाल्या. "केस बघ तुझे."

टाचणीचा हात डोक्याकडे गेला आणि अर्ध्यावरूनच खाली आला. किडकिडीत अंगकाठी आणि टोचरी जीभ, म्हणून उपग्रह कारखान्याच्या शिवणखात्यात सगळ्या तिला टाचणीच म्हणत.

"आठवडाभर नळाला टिपूस नाही, बाई. होतं ते पोरांना पाजू, की डोक्यावर ओतू?"

"कळतंय गं. पण तेलाचं एक बोट लागलं की दुलईचा थर फुकट. कारखान्याच्या न्हाणीत न्हाऊन ये. पण लवकर!"

उपग्रहालाही पांघरूण लागतं. त्याची उन्हाकडची बाजू भाजते आणि सावलीकडची गोठते. म्हणून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ अशा चकचकीत थरांची दुलई त्याच्या अंगावर चढवतात, आणि ती हातानेच शिवतात. प्रत्येकीच्या टाक्याचा ताण वेगळा. त्यामुळे जिने पहिला टाका घातला तिनेच शेवटचा घालायचा, नाहीतर सगळं उसवून दुसरीने नव्याने बसायचं, असा तिथला शिरस्ता होता. टाचणीची एकच कड राहिली होती आणि तपासणी दुपारी होती.

ती न्हाणीकडे वळली, तोच फाटकावर गलका झाला. गल्लीतल्या बायका रिकाम्या बादल्या बडवत उभ्या होत्या आणि सगळ्यांच्या पुढे तिची थोरली जाऊ.

"आधी पाणी द्या, मग चंद्रावर जा!"

टाचणी तरातरा फाटकाशी गेली.

"आलीस?" जाऊ कडाडली. "आमच्या घशाला कोरड, आणि तू बस आभाळाला झबली शिवत!"

"अहो जाऊबाई, चोर सोडून संन्याशाला कशाला धरताय? पाणीखातं पुलापलीकडे आहे."

"पैसा सगळा इथंच जिरतो. पाणीखात्याचे साहेब स्वतः म्हणाले."

"मी लग्न होऊन आले तेव्हा हा कारखाना होता?"

"नव्हता."

"मग तेव्हा नळाला पाणी यायचं?"

मागून एक म्हातारी म्हणाली, "तेव्हा नळच नव्हता, बाई!" बायका खो खो हसल्या.

"तिकडे चला," टाचणी म्हणाली.

"तू येतेस? का आम्हाला वाट दाखवून स्वतः कारखान्याच्या गारव्यात पळणार?"

टाचणीने वळून पाहिलं. बाई पायरीवर येऊन उभ्या होत्या.

"तपासणी पुढे ढकलणं माझ्या हातात नाही हं," त्या हळूच म्हणाल्या. "तू गेलीस तर मला तुझी दुलई उसवायला लावावी लागेल."

टाचणीने गळ्यातला कारखान्याचा बिल्ला सरळ केला.

"उसवा, बाई. पण बेताने. कोपऱ्यातले थर लगेच फाटतात."

पुलापलीकडच्या कचेरीत पाणीखात्याच्या साहेबांनी पंख्याखालूनच हात उडवले. "आम्ही तरी काय करणार? सगळा निधी रॉकेटमध्ये उडतोय. तिकडे जाऊन बोंबला."

"तिकडूनच आले, साहेब." टाचणी टेबलाशी गेली. "रॉकेटवाली मीच. बोला, तुमची पाइपलाइन आम्ही कुठल्या ग्रहावर नेऊन ठेवली?"

साहेबांनी तिच्या बिल्ल्याकडे पाहिलं.

"एका लेकराला शाळेत घातलं आणि दुसरं उपाशी राहिलं, तर दोष शाळेचा नसतो, साहेब. घरात ज्याने चूल पेटवली नाही त्याचा असतो. आम्हाला दोन्ही हवंय, आभाळही आणि पाणीही. आमच्या वाट्याचं आभाळ तुमच्या आळसापायी सोडायचं नाही आम्हाला."

"बरं बरं. उद्या या, बघू."

"उद्या मला कामावर जायचंय. घरी न्हाऊन."

साहेब खुर्चीतून उठू लागले, तशी टाचणी मागे सरली आणि दाराच्या मधोमध फरशीवर मांडी घालून बसली. बायका एकेक करून तिच्यामागे टेकल्या. जाऊ शेजारी बसली. मग खालच्या आवाजात म्हणाली,

"उसवली असेल का गं एव्हाना?"

"असेल," टाचणी म्हणाली. "जरा इकडे सरका, जाऊबाई. तिथून साहेबांना वाट राहतेय."