लिफ्टमध्ये अडकलेला मेहुणा

चहाडी करून लिफ्ट-मिस्त्रीची नोकरी बळकावणारा त्याचा मेहुणा आज स्वतःच दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्टमध्ये अडकला. सोडवायला मालकाने जुन्या मिस्त्रीलाच बोलावले. परमेश्वराने वैरी हाती दिला, असे मानून मिस्त्री वर यंत्रखोलीत मांडी घालून स्वस्थ बसला.

“दाजी, गुदमरतोय हो!”

“माझ्या पोटावर पाय देताना नाही गुदमरलास?”

सोबत आलेली बायको म्हणाली, “अहो, सूड देवाचा. आपल्या पोटाची काळजीही त्यालाच.”

“भावाची कड घेतेस?”

“माझ्या हाती असता तर कुटलाच असता मेल्याला! पण देवाच्या खुर्चीत बसू नका.”

दातओठ खात मिस्त्रीने ब्रेक सैल केला, हाताने चाक फिरवून लिफ्ट दाराशी आणली.

“प्रभो, न्याय तुझ्या स्वाधीन,” तो पुटपुटला, “फक्त माझ्यादेखत कर.”