देव्हाऱ्याखालचं स्टूल

"मोडलं नाही म्हणजे नाही! किती वेळा विचारशील?" त्साई आमाने, म्हणजे त्साई आजीने, हातातलं फडकं टेबलावर आपटलं.

मेइ-चिन जागची हलली नाही. आरोग्य केंद्राची ही नर्स एकवीस वर्षं किनाऱ्यावरच्या गावांतून घरोघर फिरत होती. म्हाताऱ्यांच्या रागाला ती भीक घालत नसे. कुणाचं हाड उद्या मोडणार ते आजच ओळखायचं, हे तिचं काम. आणि तिचा अंदाज सहसा चुकत नसे.

"मग हे मनगट वाकडं कसं?"

"ते होय? कोळंबीच्या तळ्यावर घसरले तेव्हाचं. हाडवैद्याने ओढून बसवलं, लेप लावला, महिन्यात बरं. दवाखान्यात कुठं गेले? मग मोडलं कसं म्हणतेस?"

"म्हणजे डॉक्टरने सांगितलं तरच मोडतं का गं, आमा?" मेइ-चिनने हाडांच्या तपासणीच्या कागदावर खूण केली. "तुझ्या आईचं खुब्याचं हाड?"

आमाने फडक्याची घडी घातली. मग परत मोडली. "पडली. मग उठलीच नाही."

दुसरी खूण.

"उंची?"

"एकशे अठ्ठावन्न! लिही. लग्नात नवऱ्यापेक्षा दोन बोटं उंच होते. सगळं गाव हसलं. हा मेला फोटोसाठी विटेवर उभा राहिला."

"भिंतीला पाठ लाव बघू."

टाचा टेकल्या, डोकं काही टेकेना. मधे मेइ-चिनची मूठ आरामात गेली. टेपवर आकडा आला एकशे एक्कावन्न सेंटिमीटर.

"तुझी टेप खोटी," आमा म्हणाली.

"टेप खोटी असेल. देव्हारा?"

देव्हारा मुहूर्त बघून बसवलेला, चाळीस वर्षांत बोटभर हलला नव्हता. त्याच्या खाली लाल प्लास्टिकचं स्टूल होतं. मागच्या वर्षी ते नव्हतं, आमाचा हात जमिनीवरूनच पोचायचा, हे मेइ-चिनला पक्कं आठवत होतं.

"रोज सकाळी चढतेस?"

"मग उदबत्ती काय तू येऊन लावणार? नवरा गेला तेव्हा त्याला शब्द दिलाय मी. एक दिवस चुकवला नाही."

"हाडांची गोळी चालू करू. पण गोळी काही तुला स्टुलावर धरून ठेवणार नाही. पडलीस तर आईसारखी पडून राहशील, आमा. मग उदबत्ती कोण लावणार?"

आमाने मान वळवून स्टुलाकडे बघितलं.

"उदबत्त्या खोचायचं ते उदपात्र खालच्या टेबलावर घे," मेइ-चिन म्हणाली.

"वेडी का खुळी? उदपात्र हलवलं की घरातली बरकत उठून जाते!"

"मग माझ्याशी काय भांडतेस? त्यालाच विचार."

आमाने कौलाचे दोन लाकडी तुकडे ओंजळीत घेतले, देव्हाऱ्यातल्या नवऱ्याच्या फोटोकडे बघत पुटपुटली आणि टाकले. दोन्ही उताणे. ना होकार, ना नकार.

"हसतोय मेला! जिवंतपणी कधी सरळ उत्तर दिलंन नाही."

परत टाकले. एक उताणा, एक पालथा. होकार.

मेइ-चिनने स्टुलावर चढून उदपात्र दोन्ही हातांनी खाली आणलं, टेबलावर ठेवलं आणि स्टूल उचलून थेट अंगणात नेलं.

ती परत आली तेव्हा आमाने उदबत्ती पेटवली होती. सपाट जमिनीवर उभी राहून ती मान वर करून फोटो बघत होती. स्टूल आल्यापासून तिने तो इतक्या खालून बघितलाच नव्हता.

"उंच झाला की गं," ती म्हणाली.

मग त्याच वाकड्या मनगटाने तिने उदबत्ती राखेत खोचली. अगदी सरळ.