माउलीच्या फडक्यातली गाठ

शहाऐंशी सालची गोष्ट. दर मंगळवारी अंजनाबाईच्या दारात आमच्या खारदांडा कोळीवाड्यातल्या अर्ध्या बाया. ही माउली म्हणे गर्भाशयातली गाठ पोट न फाडता नुसत्या बोटांनी काढते. डोळे मिटून पडा, बघायला गेलात तर देवी कोपते आणि गाठ परत आत जाते, असा तिचा दम. देवी लाजाळूच म्हणायची!

मला पाळी सोडूनही रक्त जात होतं. धाकटी जाऊ कुंदा म्हणाली, डॉक्टर पिशवीच काढून टाकतात, माउलीकडे चल. कुंदावर माझा फार जीव, दोघी एकाच पाटीवर मासे विकायचो. मी डोळे मिटले. कापराचा धूर, पोटावर पाणी, मग ओल्या फडक्यात काहीतरी लिबलिबीत, लालभडक. "निघाली बघ," माउली म्हणाली आणि फडकं न उघडता समुद्रात टाकायला लावलं. मी येडी, वर नारळही वाहिला.

रक्त काही थांबलं नाही. बाजारात चक्कर येऊन पडले, तेव्हा मुलगी जयंती मला वांद्र्याला डॉक्टर मृणालिनीबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी तपासलं आणि आरसा धरून दाखवलं. पिशवीच्या तोंडाशी करवंदाएवढी गाठ, जागच्या जागी. ती तिथेच पिरगळून काढली आणि बाटलीत घालून माझ्यासमोर धरली. आतल्या अस्तराचा तुकडाही तपासायला घेतला.

मग माउलीने काढलं ते काय? पुढच्या मंगळवारी गेले, डोळे उघडे ठेवून बसले आणि दुसऱ्या बाईचं फडकं हिसकावून सोडलं. कुंकवाच्या पाण्यात बुडवलेली गाभोळी, माशाच्या अंड्यांची पिशवी. आणि हातात दिवा घेऊन उभी असलेली कुंदाच ती पदराआडून माउलीच्या हातात सरकवत होती. आमच्याच पाटीतली. परकी असती तर शिव्या घातल्या असत्या, हिला काय घालू?

संध्याकाळी कुंदा दारात आली. वाटलं, पाया पडेल. तिने हळूच विचारलं, "ताई, डॉक्टरीण तपासते तेव्हा दुखतं का गं?"

तिलाही कधीपासून रक्त जात होतं. स्वतः मात्र ती माउलीपुढे एकदाही झोपली नव्हती.

संताप झाला, तरी सांगितलं. टेबलावर गुडघे वर घेऊन झोपायचं. आत गार चिमटा लागतो, मग बारीक नळी घालून अस्तराचा तुकडा घेतात. पाळीसारखी कळ येते, श्वास सोडत राहायचं, ओसरते. थोडं रक्त जातं, त्याच दिवशी घरी येतो. माझा तुकडा तपासून आला, वाईट काही निघालं नाही. तुझं काय आहे ते तपासल्याशिवाय देवीलाही कळणार नाही.

बायांनो, तुम्हालाही तेच सांगते. काय करणार ते आधी विचारा, काय काढलं ते बघायला मागा. जी बघू देत नाही तिच्या दारात पाऊल टाकू नका.

"बरोबर येशील ना?" कुंदाने विचारलं.

"जयंतीला पाठवते," मी म्हटलं.